वाळलेल्या घोडीला आधी वैरण, मग खुराक



परवा संध्याकाळी घासाला पाणी देत होतो, तेवढ्यात बांधावर एक पिकअप येऊन थांबली. मागे घोडी. सोबत शेजारच्या गावचं पोरगं, वय असेल बावीस-तेवीस. उतरल्या उतरल्या म्हणालं, "काका, तुमची घोडी सुधारली म्हणं. काय खुराक दिला ते सांगा. मी पण आजपासून चालू करतो."

घोडी खाली उतरवली. बरगड्या लांबून मोजता येत होत्या. कण्याचं हाड वर आलेलं, ढुंगणाची दोन्ही हाडं खुंट्यांसारखी, आणि पोट मात्र खाली सुटलेलं. पोरानं तयारी जोरात केली होती. गाडीतच हरभऱ्याचं पोतं होतं, गव्हाचं अर्धं पोतं होतं, गुळाची ढेप होती. वर कुणीतरी सरकी पेंडही सांगितलेली. मी विचारलं, "वैरण काय आहे घरी?" तर म्हणालं, "वैरण आहे की, बैलांपुढची उरते ती टाकतो."

मंडळी, इथंच घोडं पेंड खातं.

म्हणून आजची नोंद जरा लांब लिहितोय. दावणीला एखादं घोडं असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याला वाचून दाखवा. कारण पोराच्या गाडीतलं ते सगळं सामान मी ओळखत होतो. चार वर्षांपूर्वी तेच सामान माझ्या पडवीत होतं.

राणीची गोष्ट इथं पूर्वी कधी लिहिली नाही. लिहायला हात धजत नव्हता. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड भागातली कितीतरी बैलं आणि घोड्या नुसत्या दावणीला बसल्या. गाड्यापुढं पळणारी घोडी म्हणजे घाटावरचा मान, पण घाटच बंद, तर मान कसला. सात वर्षं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि सगळ्यांची एकच धावपळ उडाली. माझी राणी तेव्हा वाळलेली होती. दोष माझाच, मधल्या काळात मीच लक्ष दिलं नव्हतं. गावची यात्रा दोन महिन्यांवर. मला घाई. रोज संध्याकाळी दोन किलो गहू भिजवून, किलोभर हरभरा, वर अर्धा किलो गूळ. आठवड्याभरात कातडीला चकाकी आली असं मला वाटलं. लोकंही म्हणायला लागली, "घोडी भरतीय हां." मग मी अजून वाढवलं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेदहाच्या सुमाराला ती पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून कुशीकडं बघायची, बसायची, उठायची, लोळायची. अंगाला घाम. लीद नाही. मी बाटलीनं गोडेतेल पाजायला गेलो, शेजाऱ्यानं हात धरला म्हणून ते तरी वाचलं. असं तेल फुप्फुसात जातं आणि दुसरंच संकट उभं राहतं. घोड्याला नाकातून नळी घालून पोट मोकळं करणारा डॉक्टर त्या रात्री जवळपास मिळाला नाही. पहाटे पाचला सगळं संपलं. घोड्याला ओकारी करता येत नाही, हे मला त्या दिवसानंतर कळलं. गाय ढेकर देऊन वायू काढते, कुत्रं ओकून मोकळं होतं. घोड्याच्या पोटात जे गेलं ते पुढंच जाणार, नाहीतर तिथंच फुगणार.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. वाळलेल्या घोड्याला आपण जो "खुराक" देतो तो बहुतेक वेळा घोड्यासाठी नसतो, बघणाऱ्यांसाठी असतो. घोड्याला आधी वैरण लागते. भरपूर, दिवसभर आणि चांगली. चंदी नंतर, तीही मोजून.

यामागं कारण आहे. घोडा बैलासारखा रवंथ करत नाही. बैलाचं आंबवायचं पिंप पुढं असतं, घोड्याचं मागं. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, मोठ्या घोड्याचंही दहा-पंधरा लिटरच्या घरातलं. आपल्या बुटक्या घोड्यांचं त्याहून कमी. त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. गवत चावताना लाळ सुटते, ती लाळ त्या आम्लाला मारते. म्हणून घोडं मोकळं सोडलं तर दिवसातले पंधरा-सोळा तास तोंड चालू ठेवतं. आपण त्याला सकाळी एक पेंढी आणि संध्याकाळी एक तोबरा देऊन मधले दहा तास उपाशी उभं करतो. मग जठराला व्रण पडतात आणि घोडं अजूनच कमी खातं.

पुढं लहान आतडं. दाण्यातलं पीठ, म्हणजे स्टार्च, तिथं पचायला हवं. पण त्याची ताकद मर्यादित. एका वेळी दर किलो वजनामागं साधारण एक ग्रॅम स्टार्चच्या वर जाऊ नये असं घोड्यांचे आहारतज्ज्ञ सांगतात. गहू-ज्वारीत दोन तृतीयांशाच्या आसपास स्टार्च असतो. म्हणजे तीनशे किलोच्या घोडीला एका वेळी गहू अर्ध्या किलोच्या आतच. मी राणीला दोन किलो घालत होतो, वर हरभरा आणि गूळ! न पचलेला सगळा स्टार्च मग मागच्या पिंपात, म्हणजे मोठ्या आतड्यात जातो. तिथं गवत पचवणारे कोट्यवधी जिवाणू असतात. पीठ आलं की दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजतात, आम्ल तयार होतं, गवत पचवणारे मरतात. कधी पोटशूळ उठतो. कधी पोटाला काही दिसत नाही, पण दोन दिवसांनी टापा गरम होतात आणि घोडं पाय टेकेनासं होतं. टापेच्या आतल्या थराला सूज आली की कितीतरी घोडी कायमची निकामी होतात.

आता कुणी म्हणेल, आमचे आजे-पणजे हरभराच घालायचे की. खरंय. माझे आजोबाही घालायचे. पण दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे हरभऱ्यात स्टार्च गव्हापेक्षा बराच कमी आणि प्रथिनं जवळपास दुप्पट. म्हणजे जुन्या माणसांनी दाणा निवडला तो शहाणपणानंच. दुसरी म्हणजे त्या घोड्यांना दिवसभर काम होतं आणि गावाला कुरण होतं. तोबरा कुरणाच्या वर असायचा. आपण कुरण मोडलं, तिथं ऊस लावला, आणि आठवणीत फक्त तोबरा ठेवला.

आता माझ्या सध्याच्या घोडीबद्दल, कारण सगळे तिच्याबद्दलच विचारतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेंढपाळ माळशेज चढून कोकणातून परत येत होते. दरवर्षी आमच्या पडीक रानात त्यांचा वाडा एक-दोन रात्री बसतो. त्यांची एक घोडी, बारा-चौदा वर्षांची, पाठीवर बिऱ्हाड आणि मागं चार महिन्यांचं शिंगरू. चालताना मागचे पाय एकमेकांना घासत होते. म्हातारेबाबा म्हणाले, "दादा, ही पारनेरपर्यंत येत नाही. ठेवून घ्या." त्यांच्या आवाजात दुःख होतं. लोक धनगरांना नावं ठेवतात की जनावराकडं बघत नाहीत. त्या माणसानं जाताना घोडीच्या कपाळावर हात ठेवला तो मी पाहिलाय. दोष उन्हाळ्याचा होता. शिवाय ती दुभती होती. अंगावर पाजणाऱ्या घोडीला एरवीच्या पावणेदोनपट ऊर्जा लागते, आणि तिला तर साधं पोटभर गवतही नव्हतं.

नाव ठेवलं मैना.

पहिल्या दिवशी टेप लावली. वजनकाटा नसला तरी चालतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. उत्तर किलोत. मैनाचा घेर १४१, लांबी १३८. वजन भरलं २३१ किलो. अगदी तंतोतंत नसतं, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसानं त्याच जागी टेप लावली तर वाढतंय की घटतंय हे नक्की कळतं. डोळा फसवतो. रोज बघणाऱ्याचा तर जास्तच.

आणि पोट बघून वजन ठरवू नका. खाली सुटलेलं पोट आणि वाळलेली पाठ म्हणजे बऱ्याचदा निकृष्ट वैरण नाहीतर जंत. हात बरगड्यांवरून फिरवा, कण्यावर, खांद्यामागं, शेपटीच्या मुळाशी. अमेरिकेत हेनेके नावाच्या संशोधकानं १९८३ मध्ये यासाठी १ ते ९ गुणांची पट्टी केली, जगभर घोडेवाले तीच वापरतात. ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात. मैना माझ्या अंदाजानं २ वर होती.

एवढ्या खंगलेल्या जनावराला एकदम पोटभर दाणा घातला तर ते पोटशुळाशिवायही मरू शकतं. उपाशी शरीरात एकदम साखर आली की रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय, स्नायू, सगळंच कोलमडतं. बहुतेक वेळा हे पहिल्या दिवशी होत नाही, तीन ते पाच दिवसांनी होतं. तोवर मालक खूश असतो की खातंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपासमारीच्या घोड्यांवर यासाठी काम केलं. त्यांना सगळ्यात बरं काय ठरलं, तर ल्युसर्नचं वाळलेलं गवत, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, आणि दहा दिवसांत हळूहळू वाढवत. ल्युसर्न म्हणजे आपला लसूणघास! आमच्या नगर-जुन्नर पट्ट्यात ज्याला नुसतं "घास" म्हणतात तो. दोन गुंठे घास असलेल्या माणसानं घोड्यासाठी सत्तर रुपये किलोनं हरभरा शोधत हिंडावं, याला काय म्हणायचं?

मैनाला पहिले दोन दिवस मऊ वाळलेलं गवत, स्वच्छ पाणी, मिठाचा खडा, आणि दर चार तासांनी सुकवलेल्या घासाची छोटी जुडी. रात्री दोनला मी उठायचो. बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढं उठला नव्हता." बरोबर आहे तिचं. तिसऱ्या दिवसापासून जुडी मोठी करत गेलो. दहाव्या दिवशी गव्हाण भरलेली राहील एवढी वैरण.

आमच्याकडं बिबट्याचा त्रास आहे हे तुम्हाला माहीतच आहे. रात्री घोडी मोकळी सोडता येत नाही, गोठ्याला जाळी मारून आत ठेवावी लागते. म्हणून रात्रीची वैरण महत्त्वाची. संध्याकाळी सातला शेवटचं खाऊन सकाळी सातला परत, असं चालत नाही. मी रात्री नऊला डोंगरी पवना-मारवेलचं वाळलेलं गवत गव्हाणीत गच्च भरतो. सकाळी थोडं उरलेलं दिसलं पाहिजे. गव्हाण चाटूनपुसून साफ दिसली तर समजायचं, रात्री कमी पडलं.

हिशेब असा. घोड्याला रोज वजनाच्या किमान दीड ते दोन टक्के कोरडी वैरण, वजन वाढवायचं तर अडीच टक्क्यांपर्यंत. मैनाला म्हणजे जवळपास सहा किलो. हिरव्या घासात पाचातले चार भाग पाणी असतं, म्हणून दहा किलो हिरवा घास टाकला तरी कोरडं दोनच किलो जातं. इथं फसगत होते. ढीग मोठा दिसतो, पोटात थोडं जातं. मी चार किलो वाळलेलं गवत आणि आठ-दहा किलो घास, असं धरलं. नुसत्या कडब्यावर घोडं वाढत नाही. कडबा द्यायचा तर कुट्टी करून, पाणी मारून, घासात मिसळून. कडब्याचं जाड धाट आणि कमी पाणी, ही जोडी आतड्यात बोळा बसवते. पाणी दिवसाला वीस-तीस लिटर तरी समोर हवंच, आणि बादली रोज घासलेली. घोडं वास येणाऱ्या पाण्याला तोंड लावत नाही, बैलासारखं सोशिक नसतं ते.

आता खरी गंमत. पहिल्या आठवड्यात मला तिच्या गव्हाणीखाली गवताचे ओले गोळे सापडले. चघळलेले, लाळेनं चिकटलेले, टाकून दिलेले. लिदीतही बोटभर लांबीचे काडे. म्हणजे चावणंच होत नव्हतं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि घासून झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही तर वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून धार येते. ती गालाला, जिभेला कापते. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंड उघडलं, एक दाढ आकड्यासारखी वाढलेली. कानशीनं घासून सारखी केली. पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर गोळे बंद. या घोडीला मी पोतंभर हरभरा घातला असता तरी काय उपयोग होता सांगा!

दातांनंतर जंत. लीद तपासून घेतली आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे औषध दिलं, तेही दोन आठवड्यांनी, जरा जीव धरल्यावर. पुढच्या पायांच्या केसांना खसखशीसारखी पिवळट अंडी चिकटलेली दिसली तर खरवडून काढा. ती चाटली की अळ्या पोटात जाऊन जठराला चिकटून बसतात. आणि पावसाळ्यानंतर घोडं खातंय तरी वाळतंय, मधूनमधून ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, असं असेल तर रक्त तपासा. गोमाश्यांच्या चावण्यातून पसरणारा सर्रा हा आपल्याकडचा मोठा चोर आहे. खुराकानं तो बरा होत नाही. नवीन आणलेलं घोडं तर चार आठवडे वेगळंच बांधा. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी, फुटणारे फोड दिसले तर हात लावायच्या आधी डॉक्टरला कळवा. ग्लँडर्स माणसालाही होतो. त्याची रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, नमुना पशुवैद्यकीय खात्यामार्फत जातो.

नदीकाठी चरणाऱ्या घोड्यांसाठी एक सोपी तपासणी. मूठभर लीद पारदर्शक बरणीत पाण्यात ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तळाला वाळू बसली तर आतड्यातही वाळू आहे असं समजा, आणि वैरण जमिनीवर टाकणं बंद करा.

एवढं सगळं झाल्यावर, पाचव्या आठवड्यात, मैनाला चंदी चालू केली. भिजवलेला हरभरा, सुरुवातीला मूठभर, मग वाढवत कोरड्या मापाचा तीनशे ग्रॅम, दिवसातून दोनदा. आधी वैरण, मग चंदी, हा क्रम. सोबत शंभर ग्रॅम जवस उकळून. आणि तेल. तेलात पिठाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा आणि स्टार्च शून्य, म्हणून वजन वाढवायला तेल उत्तम. पण वीस मिली पासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवायचं. मी दीडशे मिलीवर थांबलो, दोन वेळात विभागून, चंदीत कालवून. लीद पातळ किंवा चिकट दिसली की दोन पावलं मागं. कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत, हे गवतालाही लागू. अगदी नवीन पेंढ्यांची गंजी फोडली तरी आठवडाभर जुनं-नवं मिसळतो.

जुलैअखेर घेर १४३. वजन २३७ च्या पुढं जेमतेम. शेजारी हसले, "दोन महिने झाले, कुठाय वजन?" ती शिंगराला पाजत होती, सगळं तिकडं जात होतं. शिंगरू मात्र गोळीसारखं झालेलं. ऑगस्टच्या मध्याला शिंगरू तोडलं आणि मग पाठ भरायला लागली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेर १४९, वजन २५८. चार महिन्यांत सत्तावीस किलो. बाजारवाल्यांना हे थोडं वाटेल. सारंगखेडा, माळेगाव, हे मोठे बाजार आता दोन महिन्यांवर आलेत, आणि महिन्याभरात घोडं "भरवून" देणारे कुठल्याही बाजाराच्या आधी उगवतात. घेणाऱ्यानं एवढंच विचारावं की गेल्या महिन्यात याच्यापुढं रोज काय होतं. नाहीतर चकाकी बघून पैसे मोजायचे आणि आठवड्यानं टापा धरलेलं घोडं घरी सांभाळायचं.

जे देऊ नये ते थोडक्यात सांगतो, कारण घरात गाई-कोंबड्या असतात आणि हात सहज तिकडच्या पोत्याकडं जातो. कोंबडखाद्य घोड्याला चुकूनही नको. गाईची कांडी पेंडसुद्धा आत काय आहे हे पक्कं माहीत नसेल तर नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाईला, कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला विष आहे. बुरशी आलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो, म्हणून "गाई खातात की" हे कारण देऊ नका. मुरघासाच्या उघड्या पडलेल्या बॅगेतलं तर अजिबात नको. हिरवी कोवळी ज्वारी बैलाला जशी किराळ लागते म्हणून टाळता, तशी इथंही टाळा. सरकी पेंड मी बंदच केली.

नेपियर, गिनी गवत आणि उसाच्या वाढ्याबद्दल दोन वाक्यं जास्त. बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्या बागायती भागात तेच मिळतं. पण त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. वर तुम्ही गव्हाचा कोंडा घालता, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. मग घोडं आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढतं, महिनोन्महिने हे चाललं की तोंडाची हाडं फुगतात आणि चाल लंगडी होते. घासात कॅल्शियम मुबलक असतं, म्हणून अशा वैरणीला घासाची जोड हवीच. बत्तिशाच्या पुड्यांवर माझा राग नाही, द्या वाटलं तर. पण पुडीनं गव्हाण भरत नाही.

आपल्या भीमा खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळालीय, चांगलं झालं. पण नोंद झालेलं जनावर खाणार काय, यावर बोलायला कुणी तयार नाही. मेंढपाळाला चराईचं रान दरवर्षी कमी, आणि घोडी त्याच्याचकडं जास्त. आमच्या गावात गायरानाच्या कडेला पाच-सहा गुंठ्यांवर मारवेल लावून राखावं असं मी ग्रामसभेत दोनदा बोललो. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा एकानं विचारलं, "घोड्यासाठी?" मी म्हटलं हो, घोड्यासाठी. तिसऱ्यांदाही बोलणार आहे.

तर त्या पोराचं काय झालं. हरभऱ्याचं पोतं मी त्याला परत न्यायला लावलं नाही, फक्त माप दिलं. चहाचा कप, तोही पंधरा दिवसांनी. गहू-गूळ बैलांना वाटून टाक म्हटलं, तेही बेतानं. बैलालाही एकदम दाणा बाधतोच. पिकअपमध्ये घासाच्या चार जुड्या आणि वाळलेल्या गवताचा भारा टाकून दिला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्याला माझ्याकडून काहीतरी जबरी नुस्खा हवा होता. निघताना म्हणालं, "काका, यात्रेपर्यंत होईल का पण?" मी म्हटलं, यंदाची यात्रा सोड. गप्प बसलं. मग मी त्याला राणीचं सांगितलं, तुम्हाला वर सांगितलं तेवढंच.

आज सकाळी त्याचा फोन आला. "काका, गव्हाणीखाली गवताचे गोळे पडलेत, ओले. तुमच्या घोडीसारखेच." गुरुवारी आमच्याकडं डॉक्टर येणार आहेत, मैनाच्या दाढा परत बघायला. त्याला म्हटलं, सकाळी आठला घेऊन ये, आणि येताना टेप आण.